भिंतीवरचं मैदान

२०२५च्या मे महिन्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली होती. वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांचे स्टँड झाले आणि पुण्या-मुंबईतले सगळे वर्गमित्र दोन तटांत विभागले गेले. स्टँडला फक्त खेळाडूंचीच नावं द्यावीत, की संघटनेसाठी राबलेल्यांचीही? तिथून गाडी आमण्याला पोहोचली. भिवंडीजवळ आमणे इथे एक लाख लोक बसतील असं नवं मैदान बांधायचा मुंबई क्रिकेट असोसिएशनचा विचार आहे. ते झालं तर तेहेतीस हजारांचं वानखेडे मागे पडणार का, यावर रात्री दीड वाजेपर्यंत मेसेज येत होते. बॉस्टनमध्ये तेव्हा दुपार होती, म्हणून मी सगळे वाचू शकले.

मी एकच ओळ लिहिली: ज्या मैदानाच्या नावांवरून इतकं चाललंय, त्याचं एखादं चित्र तुमच्यापैकी कुणाच्या घरात आहे का? त्यावर एका जुन्या मित्राचं उत्तर आलं, "तुला तिकडे बसून चित्रं सुचतात. इथे पोरांना खेळायला मोकळी जागा उरली नाही. भिंतीवर फ्रेम लावून काय होणार आहे?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं तर तेव्हाच दिलं असतं.

मी २००३च्या ऑगस्टमध्ये शिकायला पिट्सबर्गला आले. विद्यापीठाजवळ ओकलंड भागात एका घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. घरमालक साठीला टेकलेले. आधी पोलादाच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर शाळेची बस चालवू लागले. त्यांच्या जिन्यात, जिथे आपल्याकडे लोक वाडवडिलांचे फोटो लावतात तिथे, एक मोठं चित्र होतं. हिरवंगार मैदान, वेलींनी झाकलेली विटांची भिंत, त्या भिंतीकडे तोंड करून उभा असलेला पाठमोरा खेळाडू, वर धावफलक आणि त्यावर मोठं घड्याळ. घड्याळात ३ वाजून ३६ मिनिटं झालेली. खालच्या पांढऱ्या पट्टीत पेन्सिलीने चित्रकाराची सही आणि ३१७/५०० असा आकडा.

ते फोर्ब्स फील्ड या पिट्सबर्गच्या जुन्या बेसबॉल मैदानाचं चित्र होतं. १३ ऑक्टोबर १९६०. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा सातवा, शेवटचा सामना. समोर न्यूयॉर्क यांकीज. आधीच्या सहा सामन्यांत त्यांनी पिट्सबर्गची धूळधाण उडवली होती, तरी दोघांचे विजय तीन-तीन. शेवटच्या डावात ९-९ अशी बरोबरी असताना पिट्सबर्गचा बिल मॅझरोस्की फलंदाजीला आला, त्याने चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे घालवला आणि पिट्सबर्ग जिंकलं. पाठमोरा दिसतो तो यांकीजचा क्षेत्ररक्षक योगी बेरा. चेंडू डोक्यावरून जाताना नुसता बघत राहण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

घरमालक त्या दिवशी मैदानावर नव्हते. चौदा वर्षांचे होते, शाळेत होते. वडील गेले होते. चित्रातल्या प्रेक्षकांच्या गर्दीतल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "हे माझे वडील." तो ठिपका चित्रकाराने ब्रशाच्या टोकाने सहज टेकवलेला असणार. पण वडिलांच्या तिकिटावरचा भाग आणि रांग त्यांना पाठ होती. त्यांनी जागा मोजून काढली होती.

फोर्ब्स फील्ड १९७०मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं. तिथे आता विद्यापीठाच्या इमारती आहेत. होम प्लेट, म्हणजे जिथे उभं राहून फलंदाज मारतो ती पांढरी पाटी, एका इमारतीच्या जमिनीत काचेखाली जपून ठेवली आहे. बाहेरच्या भिंतीचा एक तुकडाही उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला लोक खुर्च्या घेऊन त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं जुनं रेडिओ समालोचन लावतात. वेळ अशी साधतात की मॅझरोस्कीचा फटका बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी कानावर पडावा. त्या ऑक्टोबरात घरमालकांबरोबर मीही गेले. निकाल चाळीस वर्षांपूर्वी लागलेला, तरी नववा डाव सुरू झाल्यावर कुणी बोलेना. मग टाळ्या, मिठ्या. माझ्या शेजारच्या आजीबाई रडत होत्या.

मला तिथे माझे आजोबा आठवले. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राचा काठियावाडशी रणजी सामना झाला, तो त्यांनी पाहिला होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला गाठायला नऊ धावा हव्या होत्या आणि मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा धावांवर थांबायचे नाहीत. रिकाम्या पडलेल्या खेळपट्टीवर यायचे. "सुट्टी संपली, लोक येऊन बसले, आणि मैदानावर कुणी आलंच नाही." निंबाळकरांच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी आली नाही. आजोबांच्या त्या रिकाम्या मैदानाचं चित्र आमच्या घरात नव्हतं. कुणाच्याच घरात मी ते पाहिलं नाही.

मी चित्रांचा विषय काढते तो इथून.

अमेरिकेत या चित्रांची एक पूर्ण दुनिया आहे. मूळ चित्र एकच असतं. त्याच्या ठरावीक प्रती काढायच्या, पाचशे नाहीतर हजार, प्रत्येकीवर चित्रकाराने स्वतः सही करून क्रमांक घालायचा, आणि पुन्हा छापणार नाही असा शब्द द्यायचा. पूर्वी हे काम ऑफसेटवर चाले, आता शाईच्या बारीक फवाऱ्याने छापतात, त्याला जिक्ले म्हणतात. अँडी जुरिंको, बिल पर्डम अशा चित्रकारांनी जुनी मैदानं हाच आपला विषय केला. यातली बरीच मैदानं चित्र काढण्याआधीच पाडली गेली होती. मग जुने फोटो, नकाशे, धावपुस्तिका, वर्तमानपत्रातलं त्या दिवसाचं हवामान, असं सगळं गोळा करून ते मैदान पुन्हा उभं करायचं. दुपारी किती वाजता कुठल्या छपराची सावली कुठवर येत असेल, हेही त्यात आलं.

घेणारी माणसंही तेवढीच चोखंदळ. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डचं चित्र असेल तर उजवीकडच्या धावफलकाखाली एब स्टार्क या शिंप्याची जाहिरात हवीच: या पाटीवर चेंडू मारा आणि सूट जिंका. धावफलकावर शेफर बिअरचं नाव असे. त्यातलं एक अक्षर पेटलं की फटका मान्य, दुसरं पेटलं की क्षेत्ररक्षकाची चूक. ती अक्षरं चुकली तर ऐंशी वर्षांचा माणूस दुकानातून चित्र परत करतो. नॉर्मन रॉकवेलचं तीन पंचांचं प्रसिद्ध चित्र एबेट्स फील्डचंच आहे. २३ एप्रिल १९४९च्या सॅटर्डे ईव्हनिंग पोस्टच्या मुखपृष्ठावर ते आलं. तळहात पसरून पावसाचा अंदाज घेणारे पंच, मागे फलक: पिट्सबर्ग १, ब्रुकलिन ०. मूळ चित्र कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.

आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडेल की खेळाडू सोडून मैदानाचं एवढं काय. बेसबॉलमध्ये आतला चौकोन सगळीकडे सारखा, पण बाहेरच्या भिंती जिथे जशी जागा मिळाली तशा बांधल्या. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स न्हाणीघरातल्या टबासारखं लांबट होतं: उजव्या कोपऱ्यातली भिंत २५८ फुटांवर, समोरची पार ४८३ फुटांवर. १९५४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विली मेजने पाठमोरा धावत जाऊन जो झेल घेतला, तो चेंडू दुसऱ्या बहुतेक मैदानांत भिंतीपलीकडे पडला असता. तो झेल जितका मेजचा तितकाच त्या मैदानाचा. बॉस्टनच्या फेनवे पार्कला डावीकडे रस्ता आडवा आला, म्हणून ३१० फुटांवरच भिंत घालावी लागली आणि ती ३७ फूट उंच झाली. १९४७मध्ये तिच्यावरच्या जाहिराती काढून हिरवा रंग दिला, तेव्हापासून ती हिरवी. अशी भिंत आली की तिचा स्वभाव येतो आणि माणसं तिच्याशी नातं जोडतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याशी दादरकरांचं जे आहे तेच.

२००६मध्ये मी बॉस्टनला आले. निघताना घरमालकांनी ते चित्र भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिलं. मुलगी ॲरिझोनाला, तिला बेसबॉलची आवड नाही, म्हणाले. पिट्सबर्गमध्येच एका दुकानात त्याला नवी फ्रेम केली आणि तिथे माझी फसगत झाली. चित्राभोवतीचा पुठ्ठा हलक्या प्रतीचा निघाला. तीन-चार वर्षांत त्यातल्या आम्लाने कडेने तपकिरी रेघ उमटली. ती आता जात नाही. आम्लरहित पुठ्ठा आणि ऊन गाळणारी काच एवढं तरी मागून घ्या, हे प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच.

बॉस्टनमध्ये सर्वांत जास्त दिसणारं चित्र इथल्या संघाच्या कार्लटन फिस्कचं. १९७५च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, बारावा डाव, मध्यरात्र उलटून गेलेली. फिस्कने मारलेला चेंडू डाव्या रेषेवरून चाललेला, आत राहतो की बाहेर जातो कळत नाही, आणि तो धावता धावता दोन्ही हातांनी चेंडूला आत ढकलतोय. चेंडू रेषेवरच्या खांबाला लागला, म्हणजे आत धरला गेला, आणि बॉस्टन जिंकलं. दुसऱ्या दिवशी सातवा सामना मात्र बॉस्टन हरलं आणि सिरीज गेली. तरी दाढीच्या दुकानात, दाताच्या डॉक्टरकडे, शाळेच्या ऑफिसात हेच चित्र. २००४मध्ये ८६ वर्षांनी विजेतेपद मिळालं, त्याचीही चित्रं झाली, पण फिस्कला कुणी भिंतीवरून उतरवलं नाही. मला बॉस्टनबद्दल आपलेपणा वाटू लागला तो हे लक्षात आलं तेव्हा. हरलेल्या मालिकेतली एक रात्र हे शहर पन्नास वर्षं उराशी धरून आहे.

फेनवेमध्ये उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ला टेड विल्यम्सने ५०२ फुटांवर चेंडू मारला, तो तिथे बसलेल्या एका माणसाच्या गवती टोपीवर पडला. वानखेडेवर धोनीचा २ एप्रिल २०११चा षटकार जिथे पडला, तिथे २०२३मध्ये स्मारक झालं, तेव्हा मला याच लाल खुर्चीची आठवण झाली आणि मनापासून बरं वाटलं. पुतळा माणसाचा असतो. खुर्ची त्या संध्याकाळची असते आणि तिच्यावर कुणीही बसलेलं असू शकतं.

पण या चित्रांची दुसरी बाजूही मी रोज बघते, आणि मित्राला सगळंच सांगायचं तर तीही सांगायला हवी.

या चित्रांत आभाळ नेहमी निळं असतं. गवत नुकतं कापलेलं. स्टँडमधली माणसं खुशीत. पिट्सबर्गच्या ग्रंथालयात माझी एक कृष्णवर्णीय सहकारी होती. घरमालकांकडचं चित्र पाहून ती म्हणाली, "माझे आजोबा या मैदानावर जॉश गिब्सनला बघायला जायचे." मला तेव्हा गिब्सन कोण हे माहीत नव्हतं. गोऱ्या संघांत काळ्या खेळाडूंना मज्जाव होता, त्या काळात होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीयांचा संघ याच फोर्ब्स फील्डवर खेळायचा. गिब्सन त्यांचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, आणि सगळ्यात मोठा फलंदाज. तो २० जानेवारी १९४७ला वारला, पस्तिसाव्या वर्षी. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन एबेट्स फील्डवर ब्रुकलिनकडून उतरला आणि ती बंदी मोडली. निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या त्या स्पर्धांची, आकडेवारी अधिकृत नोंदींत धरायला २०२४ उजाडावं लागलं. ती धरल्यावर कारकिर्दीतल्या यशस्वी फटक्यांच्या सरासरीत टाय कॉबला मागे टाकून गिब्सन पहिला आला, .३७२.

मैदान तेच, भिंत तीच, वेलीही त्याच. एकाच्या वडिलांची दुपार पाचशे प्रतींत छापली गेली आणि दुसरीच्या आजोबांची दुपार तिच्या तोंडून मला कळली. कुठला क्षण ऐतिहासिक ठरतो हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि इतकी वर्षं गिऱ्हाईक कोण होतं हे उघड आहे. आता गिब्सनची, सॅचेल पेजची चित्रं दिसू लागली आहेत. उशिरा का होईना, दिसू लागली.

पुण्याचं पूना क्लब म्हटलं की मला आता दोन माणसं दिसतात. एक निंबाळकर. दुसरे पळवणकर बाळू. चांभार समाजातला हा मुलगा पूना क्लबात मैदानाच्या देखभालीला होता आणि सरावाला येणाऱ्या इंग्रजांना तासन् तास गोलंदाजी करायचा. पुढे ते हिंदूंच्या संघातून खेळले, तेव्हा सहकारी आत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंचा चहा बाहेर मातीच्या भांड्यात येई. १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं आणि त्यांनी हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन संघांची चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. जॅकी रॉबिन्सनच्या चोवीस वर्षं आधीची ही गोष्ट. स्टँडला नाव कुणाचं, यावर दीड वाजेपर्यंत जागणाऱ्या आमच्या ग्रुपवर बाळूंचं नाव एकदाही आलं नाही. हे मी रागाने लिहीत नाही. पिट्सबर्गमध्ये तीन वर्षं जिन्यातून येता-जाता ते चित्र बघूनही मला गिब्सन माहीत नव्हता. आपल्या समोर जे टांगलेलं असतं तेच आपल्याला आठवतं.

बाळूंचं चित्र व्हायचं असेल तर त्यात मातीचं भांडं हवं. ते गाळून नुसती सुंदर गोलंदाजी रंगवली तर आपणही निळ्या आभाळाची चूक करू.

दुसरी मला न पटणारी गोष्ट ही प्रती मोजून काढण्याची. पाचशेच का? तर किंमत टिकावी म्हणून. मग चित्र भिंतीवरून तिजोरीत जातं, लिलावात जातं, आणि ज्याच्या वडिलांची जागा त्यात आहे त्याला ते परवडत नाही. अमेरिकेतही हे असं सुरू झालेलं नव्हतं. बेसबॉलचं सगळ्यात नावाजलेलं जुनं छापील चित्र करियर अँड आइव्हज या न्यूयॉर्कच्या कंपनीचं, १८६६चं: होबोकनच्या एलिशियन फील्ड्सवर रंगलेला सामना, भोवती टोप्या घातलेली गर्दी, मागे झाडं. ही कंपनी शिळाछापावर चित्रं काढायची, बायका रांगेने बसून एकेक रंग हाताने भरत जायच्या, आणि काही सेंटांपासून तीन डॉलरपर्यंत चित्र मिळायचं. मजुराच्या घरात लागेल असं.

हे तर आपल्या रक्तात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू झाली ती अशीच स्वस्त, रंगीत छापील चित्रं घरोघर पोचवायला. देवादिकांची, मराठेशाहीतल्या पुरुषांची. १८९४मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यापासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचल्या. आपल्या माणसाला भिंतीवरचं छापील चित्र नवीन नाही. त्यात मैदान कधी आलं नाही, एवढंच. कॅलेंडरवर गड आले, देवळं आली, कोकणातली घरं आली. क्रिकेटचा हिरो आला तो बॅट घेऊन, आणि त्याच्या मागची पार्श्वभूमी पुसून टाकलेली.

आता मोकळ्या जागेचं. मित्रा, तुझं म्हणणं मी डोळ्याआड करत नाही. पण न्यूयॉर्क आणि मुंबई शेजारी ठेवून बघ. न्यूयॉर्कने एबेट्स फील्ड पाडायला घेतलं १९६०मध्ये. पाडणारा लोखंडी गोळा चेंडूसारखा पांढरा रंगवला होता, त्यावर लाल शिवणही काढली होती. चार वर्षांनी तोच गोळा पोलो ग्राउंड्सवर फिरला. १९२३चं यांकी स्टेडियम २००८च्या हंगामानंतर बंद झालं आणि पाडलं. जिथे रॉबिन्सन पहिल्यांदा उतरला तिथे आज रहिवासी इमारती उभ्या आहेत. तिन्ही मैदानांची चित्रं मात्र शेकड्यांनी मिळतात. ज्या गोष्टीला वाचवलं नाही तिची चित्रं घेऊन माणसं मन रमवतात, हे मी इथे खूप पाहिलं आहे, आणि एबेट्स फील्डच्या चित्राजवळ उभं राहिलं की मला ते टोचतं.

मुंबईत बघ. १९३३मध्ये भारतातली पहिली कसोटी झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, ते बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं १९३७चं ब्रेबोर्न आहे. त्या क्लबशी बिनसल्यावर बांधलेलं आणि १९७५च्या जानेवारीत पहिली कसोटी पाहिलेलं वानखेडे आहे. तिन्ही पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. शेजारी आझाद मैदान आहे, जिथे फेब्रुवारी १९८८मध्ये सचिन आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली. जगातल्या फार थोड्या शहरांत खेळाचा इतका इतिहास एवढ्याशा जागेत अजून पायाखाली आहे. न्यूयॉर्ककडे चित्रं आहेत आणि मैदानं नाहीत. आपल्याकडे मैदानं आहेत.

आणि ती वाचतात कशी, हे मी बॉस्टनमध्ये पाहिलं. १९९९मध्ये फेनवेच्या तेव्हाच्या मालकांनी शेजारी नवं, मोठं मैदान बांधायचा आराखडा मांडला होता. हिरव्या भिंतीची नक्कलही त्यात होती. नागरिकांनी 'सेव्ह फेनवे पार्क' नावाने विरोध केला. २००२मध्ये मालक बदलले, त्यांनी जुनंच मैदान थोडं थोडं सुधारत नेलं, भिंतीवरसुद्धा बसायला जागा केली. १९१२चं मैदान आजही अडतीस हजारांच्या आतच माणसं घेतं आणि शहर त्यातच सुखी आहे. यात पैशाची गणितं होती, राजकारण होतं. चित्रांनी फेनवे वाचलं असं मी म्हणणार नाही. पण भिंतीची उंची किती, खांब कुठे, लाल खुर्ची कुठल्या रांगेत, हे घराघरांत पाठ असलेल्या शहरात नक्कल खपवणं अवघड जातं, एवढं मी वीस वर्षं इथे राहून सांगू शकते. आमण्याला एक लाखाचं मैदान खुशाल होऊ दे. तिथे पहिल्या दिवशी जाणाऱ्यांत मी असेन. त्यानंतर कधीतरी वानखेडेच्या जागेची किंमत कुणी मोजू लागेल, तेव्हा स्टँडवरच्या नावांनी ते थांबणार नाही. आपण किती जणांनी ते मैदान घरात आणलंय, यावर बरंच अवलंबून राहील.

ब्रेबोर्न आणि जिमखाना तर सभासदांचे. तू आणि मी जन्मभर बाहेरून बघत आलो. तिथलं हिरवळीवरचं ऊन आपल्या घरी यायचं तर ते कागदावरूनच येणार. आणि आझाद मैदान रंगवणारा चित्रकार मला कधी भेटला तर मी त्याला एकच सांगेन की एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो, ते आलं पाहिजे. मोकळी जागा कमी पडल्याची तुझी तक्रार त्या चित्रात आपोआप येईल.

आता तुझ्याकडे एक काम आहे. माझी मावसबहीण जलरंगात काम करते, कोल्हापूरला असते, तुला माहीत आहे. तिने पूना क्लबचं चित्र करायचं कबूल केलं आहे. ४४३ नाबाद, मधली सुट्टी संपलेली, लोक बसलेले, खेळपट्टी रिकामी. दुसरं चित्र सरावाच्या जाळ्यातल्या बाळूंचं, ते त्यानंतर. प्रती मोजणार नाही. जेवढ्या लागतील तेवढ्या छापू, कॅलेंडरच्या दरात. तुझ्या ओळखीचे तिथे सभासद आहेत. डिसेंबरच्या मध्यावर एखाद्या दिवशी आत जा आणि दुपारी बारा ते तीन दर अर्ध्या तासाने एकाच जागेवरून फोटो काढ. सावल्या कशा सरकतात ते तिला हवं आहे. आणि कडेची जुनी झाडं कुठली, ती १९४८मध्ये असतील का, हे तिथल्या माळीबुवांना विचारून घे.